उस्मान सोन्को : तुरुंगातून पंतप्रधानपदापर्यंत आणि पुढे हिशेबाची वही

दहावीच्या नागरिकशास्त्राच्या तासाला एका मुलाने आम्हाला विचारले, “सर, तो सेनेगलचा सोन्को आहे ना, फ्रान्सला तोंडावर सुनावणारा, तो तिथला सगळ्यात मोठा माणूस ना? पंतप्रधान आहे म्हणजे?” मुलाने मोबाइलवर एक क्लिप पाहिली होती. घोषणा देणारी गर्दी आणि मंचावर पांढऱ्या कपड्यातला, शांत आवाजात बोलणारा माणूस. मुलगा भारावून गेला होता.

आम्ही त्याला सांगितले, बेटा, तुझे अर्धे बरोबर आहे. बाकीचे अर्धे त्या पाच मिनिटांत सांगण्यासारखे नव्हते, म्हणून ते इथे लिहीत आहोत. आपल्या घराघरांत हल्ली हेच होते आहे. जगात कुठे एखादा मुसलमान नेता ठणकावून बोलला की क्लिप फिरते आणि तो आपला हीरो होतो. तो पुढे काय करतो, त्याच्या देशातल्या सामान्य माणसाच्या चुलीवर काय शिजते, हे कोणी विचारत नाही. सोन्को यांची कहाणी खरोखर मोठी आहे, पण ती पूर्ण वाचली तरच कामाची आहे.

खुर्ची एक, अर्थ दोन

पहिली गोष्ट, पंतप्रधान हा शब्द सगळीकडे सारखा नसतो. आपल्याकडे राष्ट्रपती असले तरी देशाचा कारभार पंतप्रधान चालवतात. सेनेगलमध्ये उलटे आहे. जनता थेट मतदानाने राष्ट्राध्यक्ष निवडते. तो पंतप्रधान नेमतो आणि मनात आले तर काढतोही. सैन्य, परराष्ट्र धोरण, मोठ्या नेमणुका सगळे त्याच्या हाती. कागदावर पाहिले तर पंतप्रधान हा राष्ट्राध्यक्षाचा पहिला मदतनीस.

सोन्को यांच्या बाबतीत मात्र कागद एक सांगतो आणि रस्ता दुसरेच. राष्ट्राध्यक्ष बासिरू दियोमाये फाये हे सोन्को यांच्याच पक्षातले. त्यांना निवडून द्या असे लोकांना सांगितले ते सोन्को यांनी. म्हणजे नेमणारा फाये, पण फायेंना उभे करणारा सोन्को. आज तिथे जे चालले आहे त्याचे मूळ इथेच आहे.

करखात्यातला अधिकारी

सेनेगल हा पश्चिम आफ्रिकेच्या टोकाला समुद्रकिनारी वसलेला सुमारे १ कोटी ८० लाख वस्तीचा देश. नव्वद टक्क्यांहून जास्त लोक मुसलमान. तिजानी, मुरीद, कादरी अशा सूफी सिलसिल्यांचा समाजावर मोठा प्रभाव. १९६० मध्ये फ्रान्सपासून स्वतंत्र झाल्यानंतर तिथे एकदाही लष्करी उठाव यशस्वी झाला नाही. माली, बुर्किना फासो, नायजर, गिनी या आजूबाजूच्या देशांत २०२० नंतर फौजांनी सत्ता घेतली, हे लक्षात घेतले म्हणजे याची किंमत कळते. आपल्याशी धागा म्हणाल तर, डीएपी खतासाठी लागणारे फॉस्फोरिक ॲसिड भारत ज्या देशांतून आणतो त्यांत सेनेगल एक आहे.

या देशात १९७४ मध्ये थिएस शहरात सोन्को यांचा जन्म झाला. वडिलांचे मूळ दक्षिणेतल्या कासामान्स भागातले. हा भाग गांबिया या चिंचोळ्या देशामुळे उरलेल्या सेनेगलपासून तुटल्यासारखा आहे आणि १९८२ पासून तिथे फुटीरतावादी चळवळ आहे. सोन्को यांनी सेंट लुईच्या विद्यापीठात कायदा शिकला, प्रशासकीय संस्थेत प्रशिक्षण घेतले आणि कर निरीक्षक म्हणून नोकरीला लागले. तिथे त्यांनी कर्मचाऱ्यांची संघटना उभी केली. २०१४ मध्ये काही सहकाऱ्यांसोबत ‘पास्तेफ’ हा पक्ष काढला. त्यात बहुतेक सरकारी नोकरी करणारी, शिकलेली, तिशी-चाळिशीतली माणसे होती.

करखात्यात बसलेल्या माणसाला कोण किती कर भरतो आणि कोण बुडवतो हे दिसते. सोन्को ते उघड बोलू लागले. मोठ्या कंपन्यांना मिळणाऱ्या सवलती, तेल आणि वायूचे करार, सत्तेतल्या लोकांचे व्यवहार. ऑगस्ट २०१६ मध्ये राष्ट्राध्यक्ष मॅकी साल यांच्या आदेशाने त्यांना नोकरीतून काढले. कारण दिले, सरकारी कर्मचाऱ्याने पाळायची गोपनीयता पाळली नाही. नोकरी गेली आणि नेता तयार झाला. पुढच्याच वर्षी ते खासदार झाले. २०१९ च्या राष्ट्राध्यक्ष निवडणुकीत साल ५८ टक्के मते घेऊन जिंकले, पण पहिल्यांदाच उभे राहिलेले सोन्को जवळपास १६ टक्के मते घेऊन तिसरे आले. जानेवारी २०२२ मध्ये ते कासामान्समधल्या झिगिन्शोर शहराचे महापौर झाले.

विरोधकांनी त्यांच्यावर दोन शिक्के मारले. एक, हा कट्टर सलफी आहे. दुसरा, हा फुटीरवाद्यांचा माणूस आहे. नव्वद टक्क्यांहून जास्त मुसलमान असलेल्या देशातही एखाद्या मुसलमानाला धर्माच्या नावाने घाबरवण्यासाठी वापरता येते, हे वाचून आपल्या वाचकांना आश्चर्य वाटेल किंवा वाटणारही नाही. सेनेगलच्या तरुणांनी मात्र या शिक्क्यांना भीक घातली नाही. त्यांचा प्रश्न रोजगाराचा होता. देशातली निम्मी लोकसंख्या विशीच्या आतली. काम नाही म्हणून पोरे लाकडी होड्यांत बसून अटलांटिक समुद्रातून स्पेनच्या कॅनरी बेटांकडे निघतात आणि त्यांतली कितीतरी परत येत नाहीत.

कोर्ट, तुरुंग आणि रस्ता

मार्च २०२१ मध्ये एका मसाज सलूनमध्ये काम करणाऱ्या तरुणीने सोन्को यांच्यावर बलात्काराचा आरोप केला होता, त्या प्रकरणात कोर्टाकडे जाताना त्यांना अटक झाली. समर्थक रस्त्यावर उतरले. काही दिवसांतच किमान चौदा माणसे मेली असे ॲम्नेस्टी या मानवाधिकार संघटनेने नोंदवले. मुरीद सिलसिल्याच्या खलीफांनी मध्यस्थी केली तेव्हा विरोधकांनी पुढचा मोर्चा मागे घेतला.

१ जून २०२३ रोजी निकाल लागला. बलात्काराच्या आरोपातून सोन्को सुटले, पण ‘तरुणांना बिघडवणे’ या कलमाखाली दोन वर्षांची शिक्षा झाली. पुन्हा रस्ते पेटले, पुन्हा माणसे मेली. जुलैअखेर सोन्को तुरुंगात गेले आणि पास्तेफ पक्ष सरकारने बरखास्त केला.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहिणे आम्हाला जरुरी वाटते. हा सगळा राजकीय कट होता असे सोन्को म्हणत आले आणि त्यांच्या समर्थकांना ते पटले. सरकारने या खटल्याचा फायदा घेतला हेही दिसते. पण त्या गदारोळात आरोप करणाऱ्या मुलीला जे ऐकावे लागले, धमक्या मिळाल्या, तेही विसरता येणार नाही. नेता आपल्या आवडीचा असला की बाईचे म्हणणे आपोआप खोटे ठरत नाही. इन्साफ दोन्ही बाजूंना लागतो. घरात मुलांशी या विषयावर बोलताना एवढे तरी सांगावे.

शेवटी निवडणूक लढवण्याचा सोन्को यांचा रस्ता एका वेगळ्याच खटल्याने बंद केला. एका मंत्र्याच्या अब्रुनुकसानीच्या प्रकरणात त्यांना सहा महिन्यांची स्थगित शिक्षा झाली होती. जानेवारी २०२४ मध्ये ती सर्वोच्च न्यायालयात कायम झाली आणि घटना परिषदेने त्यांचे नाव उमेदवारांच्या यादीतून वगळले.

‘दियोमाये म्हणजेच सोन्को’

मग जे झाले ते जगाने पाहिले. सोन्को यांनी आपल्या जागी पक्षाचे सरचिटणीस फाये यांना पुढे केले. फायेही कर निरीक्षक, वयाने सोन्कोंहून लहान आणि तेही त्या वेळी तुरुंगात. घोषणा झाली, ‘दियोमाये म्हणजेच सोन्को’. म्हणजे मत फायेंना द्या, ते सोन्कोंनाच पोहोचेल.

३ फेब्रुवारी २०२४ रोजी राष्ट्राध्यक्ष साल यांनी तीन आठवड्यांवर आलेली निवडणूक पुढे ढकलली. संसदेने ती थेट डिसेंबरवर नेली. शेजारच्या देशात अशा वेळी रणगाडे निघाले असते. सेनेगलमध्ये घटना परिषदेने १५ फेब्रुवारीला निकाल दिला की हे घटनेत बसत नाही, निवडणूक लवकर घ्या. साल यांनी निकाल मानला. मार्चमध्ये माफीचा कायदा झाला, १४ मार्चच्या रात्री दोघे तुरुंगाबाहेर आले आणि दहा दिवसांनी, २४ मार्चला मतदान झाले. फायेंना पहिल्याच फेरीत ५४ टक्क्यांहून जास्त मते मिळाली. २ एप्रिलला त्यांनी शपथ घेतली आणि त्याच दिवशी सोन्को यांना पंतप्रधान नेमले. नोव्हेंबरच्या संसदीय निवडणुकीत पास्तेफने १६५ पैकी १३० जागा जिंकल्या.

ही कहाणी सांगताना लोक सोन्कोंच्या हिमतीवर थांबतात. हिंमत होतीच. पण आमच्या मते त्या फेब्रुवारीत देश वाचवला तो घटना परिषदेतल्या मोजक्या न्यायाधीशांनी. त्यांची क्लिप कोणी फिरवली नाही. आणि हेच न्यायाधीश होते ज्यांनी जानेवारीत सोन्कोंना अपात्र ठरवले होते. ज्या संस्थेचा निर्णय आपल्याला आज बोचतो, तीच उद्या आपला हक्क वाचवू शकते.

ज्या माफीच्या कायद्याने हे दोघे बाहेर आले, त्याचे दुसरे टोकही पाहावे लागते. २०२१ ते २०२४ च्या दरम्यान आंदोलनांत साठहून जास्त माणसे मेली असे मानवाधिकार संघटना सांगतात. बहुतेक तरुण पोरे. त्याच कायद्याने त्यांच्यावर गोळ्या झाडणाऱ्यांनाही आडोसा दिला. हा कायदा मोडून काढू असे वचन पास्तेफने दिले होते, पण सत्तेत आल्यावर ते काम गुंतागुंतीत अडकले. ज्या आईचा मुलगा सोन्कोंच्या नावाने घोषणा देता देता गेला, तिला अजून कोणी सांगितलेले नाही की गोळी कोणी झाडली.

हिशेबाची वही

खुर्चीवर बसल्यावर सोन्को यांनी तिजोरी उघडली, तर हिशेबच जुळेना. सप्टेंबर २०२४ मध्ये त्यांनी जाहीर केले की आधीच्या सरकारने कर्ज आणि तुटीचे आकडे लपवले. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथल्या लेखापरीक्षण न्यायालयाने ते खरे ठरवले. २०२३ अखेर देशाचे कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ७४ टक्के सांगितले होते, ते प्रत्यक्षात जवळपास १०० टक्के निघाले. तूट ४.९ टक्के सांगितली होती, ती १२ टक्क्यांच्या वर. सरकारी कंपन्यांचे कर्ज धरले तर २०२४ अखेर आकडा १३२ टक्के होतो, असा नाणेनिधीचा हिशेब आहे. नाणेनिधीने १.८ अब्ज डॉलरचा कार्यक्रम थांबवला.

साध्या भाषेत सांगायचे तर, एखाद्या घरात नवीन कर्त्या मुलाच्या हाती वही आली. वहीत लिहिले होते पाऊण लाख कर्ज, आणि दारात सावकार सव्वा लाखाच्या चिठ्ठ्या घेऊन उभे. मुलाने मोहल्ल्यात खरे सांगितले, हे चांगले केले. पण खरे सांगितल्यामुळे नवीन उधारी बंद झाली, आणि घर चालवायचे तर आहेच.

ऑगस्ट २०२५ मध्ये सोन्को यांनी सावरण्याची योजना मांडली. बहुतेक पैसा देशातूनच उभा करायचा. त्यासाठी नवे कर आले. तंबाखूवर, जुगारावर आणि मोबाइलवरून पैसे पाठवण्यावरही. सेनेगलमध्ये गरीब माणूस बँकेत जात नाही, मोबाइलवरूनच गावाकडे आईला पैसे धाडतो. म्हणजे करचोरांना पकडू म्हणून सत्तेत आलेल्या कर अधिकाऱ्याला शेवटी त्याच तरुणाच्या मोबाइलवर कर लावावा लागला, जो त्याच्यासाठी रस्त्यावर उतरला होता. सोन्को खोटारडे म्हणून हे झाले असे आम्ही म्हणत नाही. गर्दीत दिलेले वचन आणि तिजोरीत असलेला पैसा यांत अंतर असते, आणि ते अंतर नेता भाषणात सांगत नाही.

काही वचने पाळली गेली. जुलै २०२५ मध्ये फ्रान्सचे शेवटचे सैन्य डकारमधून गेले. जानेवारीत फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी आफ्रिकी नेत्यांना कृतघ्न म्हटल्यासारखे उद्गार काढले, तेव्हा सोन्को यांनी आठवण करून दिली की दुसऱ्या महायुद्धात आफ्रिकेचे सैनिक नसते तर फ्रान्स कदाचित अजून जर्मनच राहिला असता. आमच्या विद्यार्थ्याने पाहिली ती बहुधा हीच क्लिप. बोल खरा होता. पण सीएफए फ्रँक या फ्रान्सच्या काळापासून चालत आलेल्या चलनातून बाहेर पडू, हे वचन मवाळ होत गेले. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये एका फरार माणसाची मुलाखत घेतली म्हणून दोन पत्रकारांना ताब्यात घेण्यात आले. कालपर्यंत ज्याचा आवाज दाबला जात होता, त्याच्याच सरकारच्या काळात हे घडते तेव्हा बोलायला हवे.

त्या खुर्चीचा इतिहास

आता कागद आणि रस्ता यांच्या भांडणाकडे येऊ. सेनेगलमध्ये पंतप्रधानाची खुर्ची नेहमीच गरम राहिली आहे.

स्वातंत्र्यानंतर राष्ट्राध्यक्ष झाले लिओपोल्द सेंगोर, धर्माने कॅथलिक. पंतप्रधान झाले मामादू दिया, मुसलमान आणि पेशाने आमच्यासारखेच शाळामास्तर. दोघे जुने साथी. दिया यांना शेंगदाण्याच्या व्यापारावरची बड्या लोकांची पकड मोडून शेतकऱ्यांच्या सहकारी संस्था उभ्या करायच्या होत्या. डिसेंबर १९६२ मध्ये खासदारांनी त्यांच्याविरुद्ध अविश्वास ठराव आणला. दिया यांनी शिपाई पाठवून संसद रिकामी केली, ठराव सभापतींच्या घरी मंजूर झाला आणि दुसऱ्या दिवशी दिया अटकेत. जन्मठेप झाली, बारा वर्षे दूर केदुगूच्या तुरुंगात काढली. हे भांडण धर्माचे नव्हते. त्याच मुसलमान जनतेने कॅथलिक सेंगोर यांना वीस वर्षे राष्ट्राध्यक्ष म्हणून मानले. भांडण होते एका घरात दोन कर्ते असण्याचे.

नंतर खुर्चीच काढून टाकली. १९७० मध्ये परत आणली, अब्दू दियूफ यांच्यासाठी, आणि तेच १९८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले. अब्दुलाये वाद यांच्या काळात पंतप्रधान इद्रिसा सेक पदावरून गेले आणि २००५ मध्ये तुरुंगात पोहोचले. त्यांच्यानंतरचे पंतप्रधान मॅकी साल वाद यांच्यापासून दुरावले आणि २०१२ मध्ये त्यांनाच हरवून राष्ट्राध्यक्ष झाले. साल स्वतः त्या जिन्याने चढलेले, म्हणून की काय, २०१९ मध्ये त्यांनी पंतप्रधानपदच रद्द केले, २०२२ मध्ये पुन्हा सुरू केले. थोडक्यात, ही खुर्ची कोणाला वरच्या मजल्यावर घेऊन गेली, कोणाला तुरुंगात.

२०२५ च्या जुलैत सोन्को जाहीर बोलले की देशात अधिकार कोण चालवतो हाच प्रश्न आहे. ८ नोव्हेंबरला त्यांनी डकारमध्ये प्रचंड सभा घेतली. तिथे सांगितले की नाणेनिधी कर्जाची फेररचना करा म्हणतो, आम्हाला ते मान्य नाही. दोन दिवसांत बाजारात सेनेगलच्या रोख्यांचे भाव कोसळले. त्याच आठवड्यात राष्ट्राध्यक्ष फाये यांनी आघाडीच्या प्रमुखपदी अमिनाता तुरे यांना नेमले. त्या स्वतः मॅकी साल यांच्या माजी पंतप्रधान. पास्तेफने ही नेमणूक मानायला नकार दिला. ‘दियोमाये म्हणजेच सोन्को’ या घोषणेतला ‘म्हणजेच’ तिथे सैल झाला.

दोघांच्या हाती एकमेकांना अडवण्याची साधने आहेत. फाये सोन्कोंना पदावरून काढू शकतात. पण १३० खासदार पास्तेफचे आहेत आणि निवडून येऊन दोन वर्षे होईपर्यंत संसद बरखास्त करता येत नाही. त्यात पुढची राष्ट्राध्यक्ष निवडणूक २०२९ मध्ये. सोन्को यांची अब्रुनुकसानीची शिक्षा रद्द करायला सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये नकार दिला, म्हणजे पात्रतेचा प्रश्न अजून डोक्यावर आहे. दोघे फुटले तर कर्ज देणारे आणखी हात आखडतील आणि भार पडेल तो मासेमारी करणाऱ्यावर, शेंगदाणा पिकवणाऱ्यावर, होडीत बसायला निघालेल्या पोरावर.

२०२५ संपता संपता आम्ही हे लिहीत आहोत. उद्या काय होईल हे आम्ही सांगणार नाही. पण त्या मुलाला जे सांगायचे ते आता सांगता येते.

बेटा, सोन्को धाडसी माणूस आहे यात शंका नाही. नोकरी गमावली, तुरुंग पाहिला, पण फौजेला हाक मारली नाही, मतपेटीतूनच आला. याची कदर कर. मात्र नेत्याला त्याच्या आवाजावरून मोजू नकोस. त्याने वही उघडी ठेवली का, न्यायालयाचा नको असलेला निकालही मानला का, आपल्यावर टीका करणाऱ्याला बोलू दिले का, आणि ज्यांनी त्याच्यासाठी जीव दिला त्यांच्या घरच्यांना जबाब दिला का, एवढे चार प्रश्न विचार. सत्ता ही अमानत आहे असे आपण घरात म्हणतो. अमानतीचा हिशेब मागणे म्हणजे बेअदबी नव्हे.

हे चार प्रश्न सेनेगलच्या नेत्याला विचारता आले, तर आपल्या नगरसेवकाला, मशिदीच्या ट्रस्टला आणि शाळेच्या संस्थाचालकालाही विचारता येतील. आम्हा शिक्षकांनाही विचारा.